टॉमसन, पीटर विल्यम

(२३ ऑगस्ट १९२९ – २० जून २०१८). विख्यात ऑस्ट्रेलियन व्यावसायिक गोल्फपटू, गोल्फक्षेत्रांचा रचनाकार व क्रीडालेखक. ब्रिटिश ओपन ही गोल्फमधील सर्वांत जुनी अजिंक्यपद स्पर्धा त्याने १९५४, १९५५, १९५६, १९५८ व १९६५ अशी पाच वेळा जिंकली. विसाव्या शतकात ही स्पर्धा लागोपाठ तीन वर्षे जिंकणारा तो एकमेव खेळाडू होय. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांखेरीज इटली, स्पेन, जर्मनी, हाँगकाँग, फिलिपीन्स व भारत येथील खुल्या स्पर्धांचे विजेतेपदही त्याने मिळविले. आशियातील व्यावसायिक गोल्फच्या उभारणीत त्याचा वाटा मोठा असून भारतीय खुल्या स्पर्धेचा तो पहिला विजेता होता.

टॉमसनचा जन्म मेलबर्न शहराच्या ब्रन्झविक या उत्तरेकडील उपनगरात झाला. ही वस्ती प्रामुख्याने कामगारांची. तेथून जवळच, शहराच्या प्राणिसंग्रहालयाला लागून, रॉयल पार्क हे नऊ खळग्यांचे सार्वजनिक गोल्फक्षेत्र आहे व तेथेच तो गोल्फ शिकला. भारतात गोल्फ हा खेळ लष्करी छावण्या, मळेवाले व साहेबी क्लब यांच्या आश्रयाने आला आणि दीर्घकाळ तेवढ्याच वर्तुळात राहिला. ऑस्ट्रेलियातही प्रतिष्ठितांचे क्लब होतेच. तथापि त्यांच्या जोडीला अल्प शुल्कात कोणालाही खेळता येईल अशी सार्वजनिक क्षेत्रे तेथे फार पूर्वीपासून होती. टॉमसनसारखा मुलगा या खेळाकडे वळू शकला, याचे कारण या व्यवस्थेत आहे. ब्रन्झविकच्या तंत्रविद्यालयात त्याने औद्योगिक रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले व क्रीडासाहित्य तयार करणाऱ्या स्पॉल्डिंग या कंपनीत काही काळ काम केले. गोल्फचा चेंडू हा त्या कामाचाच विषय होता. पुढे चेंडूच्या आकारमानावरून गोल्फविश्वात जो वाद झाला, त्यात टॉमसनने घेतलेल्या भूमिकेला या अनुभवाचे पाठबळ होते, असे मानावयास हरकत नाही. १९४९ मध्ये त्याने व्यावसायिक गोल्फमध्ये प्रवेश केला. दुसऱ्याच वर्षी (१९५०) तो न्यूझीलंडच्या खुल्या स्पर्धेत अजिंक्य ठरला व १९५१ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाची खुली स्पर्धा जिंकली. न्यूझीलंडचे विजेतेपद त्याने पुढे १९७१ पर्यंत एकूण नऊ वेळा मिळविले.

त्या काळी ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक गोल्फपटूला केवळ मायदेशी खेळून निर्वाह करणे अवघड होते. बहुतेक व्यावसायिक एखाद्या क्लबमध्ये नोकरी करीत, सभासदांना शिकवीत आणि काठ्यांची दुरुस्ती व विक्री करीत. नाव कमवावयाचे, तर ब्रिटन किंवा अमेरिका गाठणे भाग होते. जिम फेरियर याने अमेरिकेत स्थायिक होऊन १९४७ मध्ये तेथील व्यावसायिकांची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, तर नॉर्मन फॉन नाइडा याने दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील स्पर्धांत यश मिळवून ऑस्ट्रेलियन खेळाडूंसाठी ती वाट खुली केली. टॉमसनने हीच दुसरी वाट धरली.

ब्रिटिश ओपन स्पर्धा १८६० मध्ये स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे सुरू झाली. ती नेहमी समुद्रकाठच्या क्षेत्रांवर भरते. अशा क्षेत्रांना लिंक्स म्हणतात. किनाऱ्यालगतच्या वालुकामय टेकड्यांवर आखूड, चिवट गवत वाढते. जमिनीतून पाण्याचा निचरा त्वरित होत असल्यामुळे ती टणक राहते. झाडे जवळजवळ नसतात आणि समुद्रावरून येणारा वारा सतत दिशा पालटत असतो. अशा ठिकाणी उंच उडालेला चेंडू वाऱ्याच्या स्वाधीन होतो व जमिनीवर पडल्यावरही कोठे उसळेल याचा नेम नसतो. म्हणून चेंडू खालून मारणे, तो हिरवळीच्या बऱ्याच अलीकडे टाकणे व उरलेले अंतर त्याला घरंगळू देणे, ही तेथील जुनी रीत होय. चेंडू कोठे पडेल यापेक्षा पडल्यानंतर तो कोठे जाईल, याचा हिशेब तेथे अधिक महत्त्वाचा ठरतो. स्पर्धेत अठरा खळग्यांच्या चार फेऱ्या होतात व सर्वांत कमी फटक्यांत त्या पुऱ्या करणारा विजयी होतो. १९६५ पर्यंत यांपैकी शेवटच्या दोन फेऱ्या एकाच दिवशी खेळाव्या लागत. त्यामुळे कौशल्याइतकीच दमाचीही परीक्षा होई.

या स्पर्धेत १९५२ ते १९५८ या सात वर्षांत टॉमसन पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकाखाली एकदाही गेला नाही. १९५२ मध्ये लिदम येथे दक्षिण आफ्रिकेच्या बॉबी लॉकने त्याच्यावर एका फटक्याने मात केली. १९५३ मध्ये कार्नूस्टी येथे अमेरिकेचा बेन होगन विजयी झाला व त्याच्यामागे चार फटक्यांच्या अंतराने दुसऱ्या स्थानावर आलेल्या चौघांत टॉमसन होता. होगनने त्यानंतर या स्पर्धेत कधीच भाग घेतला नाही. १९५४ मध्ये बर्कडेल येथे २८३ फटक्यांत चार फेऱ्या संपवून टॉमसन प्रथमच विजेता ठरला. लॉक, डाय रीस व सिड स्कॉट हे तिघे त्याच्यापेक्षा केवळ एका फटक्याने मागे राहिले. त्या वेळी टॉमसनला चोविसावे वर्ष पूर्ण होऊन पंचविसावे चालू होते. ब्रिटिश ओपन जिंकणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन होय.

पुढील वर्षी सेंट अँड्रूज येथे त्याने २८१ फटक्यांची नोंद करून जॉन फॅलनला दोन फटक्यांनी मागे टाकले व १९५६ मध्ये हॉयलेक येथे बेल्जियमच्या फ्लोरी व्हान डाँकवर तीन फटक्यांनी विजय मिळविला. लागोपाठच्या तीन विजयांचे उदाहरण यापूर्वी एकोणिसाव्या शतकातच आढळत होते. धाकटा टॉम मॉरिस, जेमी अँडर्सन व बॉब फर्ग्युसन यांनी तसा पराक्रम केला होता. पण त्या काळी स्पर्धा एकदोन दिवसांत उरकत असे व खेळाडूही मूठभर असत. टॉमसनचे तीन विजय तीन निरनिराळ्या क्षेत्रांवरचे होते, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. बर्कडेलच्या उंच वाळूटेकड्या, सेंट अँड्रूजची विस्तीर्ण व उंचसखल हिरवळ आणि हॉयलेकचा सपाट, उघडा वाराघात यांत साम्य थोडेच आहे.

१९५७ ची स्पर्धा सुएझ प्रकरणामुळे ब्रिटनमध्ये इंधनाची टंचाई असल्याने म्यूअरफील्ड येथून हलवून सेंट अँड्रूज येथे घेण्यात आली. तीत लॉक २७९ फटक्यांनी पहिला आणि टॉमसन २८२ फटक्यांनी दुसरा आला. या निकालाला एक चमत्कारिक पुस्ती जोडली गेली. अखेरच्या हिरवळीवर लॉकने आपल्या चेंडूची जागा दाखविणारी खूण दुसऱ्या खेळाडूच्या मार्गातून काठीच्या टोकाइतकी बाजूला सरकविली होती आणि चेंडू परत ठेवताना ती मूळ जागी नेण्यास तो विसरला. ही चूक वृत्तपटातून नंतर उघड झाली. नियम काटेकोरपणे लावला असता, तर लॉक बाद ठरला असता. परंतु त्याची आघाडी तीन फटक्यांची होती व या चुकीपासून त्याला कोणताही लाभ झालेला नव्हता, हे पाहून समितीने निकाल कायम ठेवला. वेगळा निर्णय झाला असता, तर टॉमसनच्या नावावर लागोपाठ पाच विजेतेपदे लागली असती. कारण १९५८ मध्ये लिदम येथे तोच पुन्हा जिंकला. त्या वर्षी तो व वेल्सचा डेव्ह टॉमस यांचे प्रत्येकी २७८ फटके झाले. दुसऱ्या दिवशी छत्तीस खळग्यांचा निर्णायक सामना झाला व तो टॉमसनने १३९ विरुद्ध १४३ असा जिंकला.

खेळपद्धती : टॉमसनच्या खेळात डोळ्यांत भरण्यासारखे फार थोडे होते आणि हेच त्याचे सामर्थ्य होते. काठी हलक्या हाताने धरावी, उभे राहताना शरीर ताठरू नये, फटक्यापूर्वी फार वेळ घोटाळू नये व अंगातील सर्व बळ कधीही वापरू नये, असा त्याचा साधा परिपाठ होता. लांब फटक्यांच्या मोहात तो पडला नाही. प्रत्येक टप्प्यावर अडचणीची जागा कोणती हे तो आधी हेरी व चेंडू तिच्यापासून दूर, पण पुढच्या फटक्याला सोयीच्या बाजूला ठेवी. आरंभीच्या फटक्यासाठी सर्वांत लांब पल्ल्याच्या काठीऐवजी आखूड पल्ल्याची काठी निवडण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. एखाद्या खळग्यावर फटके वाया गेले, तरी त्याची चाल किंवा चर्या बदलत नसे. त्याचे चित्तस्वास्थ्य हे प्रतिस्पर्ध्यांना त्याच्या फटक्यांइतकेच जाचक वाटत असावे. बुद्धिबळातील स्थितिनिष्ठ खेळाशी या पद्धतीची तुलना करता येईल. अशा खेळात एकेका चालीचे कौतुक होत नाही, पण शेवटी पट आपला झालेला असतो.

या पद्धतीला लहान चेंडूची जोड होती. ब्रिटन व राष्ट्रकुलातील देशांत त्या काळी किमान १·६२ इंच (सु. ४१·१ मिमी.) व्यासाचा चेंडू वापरीत, तर अमेरिकेत किमान व्यास १·६८ इंच (सु. ४२·७ मिमी.) असे. कमाल वजन मात्र दोहोंचे सारखेच, म्हणजे १·६२ औंस (सु. ४५·९ ग्रॅ.) होते. व्यासातील हा फरक क्षुल्लक वाटला, तरी चेंडूच्या छेदाचे क्षेत्रफळ त्यामुळे सुमारे सात टक्क्यांनी बदलते. तेवढ्याच वजनाच्या लहान चेंडूला हवेचा विरोध कमी होतो, तो वाऱ्यात कमी भरकटतो आणि जमिनीवर दूरवर घरंगळतो. मोठा चेंडू गवतावर उठून राहत असल्यामुळे त्याच्याखाली काठी सहज शिरते, त्याला उलटी फिरकी देता येते आणि तो उंच जाऊन हिरवळीवर जागच्या जागी थांबतो. अमेरिकेतील क्षेत्रे पाणी शिंपून मऊ राखलेली व झाडीने वेढलेली असत. तेथे दुसऱ्या प्रकारचा खेळ वाढला, हे ओघानेच आले. ब्रिटिश ओपनमध्ये १९७४ पासून मोठा चेंडू सक्तीचा झाला व १९९० मध्ये लहान चेंडू नियमांतून सर्वत्र बाद झाला. मोठ्या चेंडूच्या व पाणी शिंपलेल्या क्षेत्रांच्या प्रसाराने गोल्फमधील जमिनीवरचा खेळ लोपेल, अशी टॉमसनची धारणा होती व ती त्याने लेखनातून अनेकदा मांडली. पुढील काळात तिचा बराचसा भाग खरा ठरला.

अमेरिकेत टॉमसनला ब्रिटनइतके यश लाभले नाही. तरी ते नगण्य नव्हते. १९५६ मध्ये डॅलस येथील टेक्सस आंतरराष्ट्रीय खुल्या स्पर्धेत त्याने निर्णायक सामन्यात कॅरी मिडलकॉफ व जीन लिटलर या अव्वल अमेरिकन खेळाडूंना हरविले. त्याच वर्षी अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत तो चौथ्या स्थानाचा सहभागी होता, तर १९५७ मध्ये ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेत त्याला पाचवा क्रमांक मिळाला. त्यानंतर मात्र त्याने अमेरिकेतील दौऱ्यांवर फारसा भर दिला नाही.

टॉमसनच्या थोरवीविषयी जो वाद होत आला, त्याचे मूळ येथे आहे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन व्यावसायिक ब्रिटिश ओपनकडे सहसा फिरकत नसत. १९४६ चा विजेता सॅम स्नीड हा आपले अजिंक्यपद राखण्यासाठीही दुसऱ्या वर्षी आला नव्हता. याची कारणे उघड होती. १९५५ मध्ये विजेत्याला मिळणारी रक्कम १,००० पौंड होती. अमेरिकेतून येण्याजाण्याचा व राहण्याचा खर्च वजा जाता तीत फारसे काही उरत नसे आणि जो जिंकणार नाही त्याला तर पदरमोडच करावी लागे. शिवाय कितीही नामवंत खेळाडू असला, तरी त्याला आधी दोन फेऱ्यांची पात्रता परीक्षा द्यावी लागे. चेंडू अपरिचित असे आणि अमेरिकेतील व्यावसायिकांच्या अजिंक्यपद स्पर्धेच्या तारखाही कधीकधी याच सुमारास येत. तेव्हा टॉमसनने जे चार विजय मिळविले, ते जगातील सर्वोत्तम खेळाडूंच्या गैरहजेरीतील होते, असा आक्षेप अमेरिकन टीकाकारांनी घेतला. आक्षेपात तथ्य अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र लॉकसारखा खेळाडू त्या स्पर्धांत होता व लॉकने अमेरिकेत जाऊन तेथील खेळाडूंना वारंवार पराभूत केले होते, ही बाब हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.

अर्नल्ड पामर १९६० मध्ये सेंट अँड्रूज येथे आला आणि परिस्थिती पालटली. त्या वर्षी टॉमसनचाच देशबांधव व सोबती केल नेगल याने पामरला एका फटक्याने मागे टाकले. १९६१ व १९६२ मध्ये पामर जिंकला. आता अमेरिकेतील आघाडीचे खेळाडू येऊ लागले. टॉमसन तिशी ओलांडून गेला होता व त्याचा काळ संपला, असे बोलले जाऊ लागले.

अशा वेळी बर्कडेल येथील १९६५ ची स्पर्धा आली. आदल्या वर्षीचा विजेता टोनी लेमा, पामर व जॅक निक्लॉस हे तिघेही तीत उतरले होते. टॉमसनची पहिली फेरी ७४ फटक्यांची झाली, म्हणजे प्रारंभ सामान्य होता. दुसऱ्या फेरीत त्याने ६८ फटके घेतले. अखेरच्या दिवशी लेमा त्याच्या निकट होता. परंतु समुद्रकाठच्या टणक जमिनीवर दोन फेऱ्यांचा ताण घेऊन कसे खेळावे, हे टॉमसनइतके कोणालाच ठाऊक नव्हते. ७२ व ७१ फटक्यांच्या फेऱ्या करून त्याने २८५ या एकूण संख्येवर स्पर्धा संपविली. ब्रायन हगेट व आयर्लंडचा क्रिस्टी ओकॉनर हे दोन फटक्यांनी मागे राहिले, तर तिन्ही अमेरिकन त्यांच्याही मागे होते. विजेत्याची रक्कम तोपर्यंत १,७५० पौंडांवर गेली होती. शेवटच्या दिवशी दोन फेऱ्या खेळविण्याची प्रथा याच वर्षी संपली, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या ओपनचा टॉमसन हा शेवटचा विजेता ठरतो. या विजयाने तो जे. एच. टेलर व जेम्स ब्रेड यांच्या पंक्तीत जाऊन बसला. पुढे अमेरिकेच्या टॉम वॉटसननेही पाच विजेतेपदे मिळविली. सहा वेळा जिंकणारा हॅरी व्हार्डन मात्र या सर्वांच्या पुढे आहे. आधीच्या चार विजयांविषयी कोणी काहीही म्हणो, पाचव्याबद्दल वादाला जागा उरली नाही.

ब्रिटनमधील व्यावसायिकांची सामना पद्धतीची स्पर्धा त्याने चार वेळा (१९५४, १९६१, १९६६ व १९६७) जिंकली. केल नेगलसह त्याने ऑस्ट्रेलियाला १९५४ मध्ये माँट्रिऑल येथे व १९५९ मध्ये मेलबर्न येथे कॅनडा चषक मिळवून दिला. याच स्पर्धेचे पुढे विश्वचषक असे नामांतर झाले. मायदेशाची खुली स्पर्धा त्याने १९६७ मध्ये व नंतर वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, १९७२ मध्ये, पुन्हा जिंकली. या अखेरच्या वेळी निर्णायक सामन्यात त्याने डेव्हिड ग्रॅहमला पराभूत केले. ग्रॅहम हा पुढे अमेरिकेच्या दोन प्रमुख स्पर्धांचा विजेता झाला.

आशियाई गोल्फ व भारत : ऑस्ट्रेलियातून ब्रिटनला जाताना त्या काळची विमाने आशियात अनेक ठिकाणी थांबत. या थांब्यांमुळे टॉमसनला आशियातील गोल्फक्षेत्रे परिचित झाली. हाँगकाँग, सिंगापूर, मलाया, फिलिपीन्स, जपान इ. ठिकाणी क्लब होते, हौशी खेळाडू होते व जेमतेम पोट भरणारे स्थानिक व्यावसायिकही होते. पण त्यांना एकमेकांशी व परदेशी खेळाडूंशी खेळण्याची संधी नव्हती. या देशांच्या खुल्या स्पर्धा वसंत ऋतूत एकापुढे एक अशा लावल्या, तर खेळाडूंना एकाच प्रवासात सर्व स्पर्धा खेळता येतील, या कल्पनेतून १९६० नंतर अतिपूर्वेचे स्पर्धामंडल साकार झाले. ती कल्पना एकट्या टॉमसनची नव्हे. तथापि त्याच्यासारखा जगज्जेता दरवर्षी खेळावयास येतो, यामुळे या उपक्रमाला जी प्रतिष्ठा व जे पुरस्कर्ते लाभले, ते अन्यथा लाभले नसते. अमेरिकेत जाऊन अधिक पैसा मिळविणे त्याला शक्य होते. त्याने मनिला व हाँगकाँग पसंत केले. हाँगकाँगची स्पर्धा त्याने १९६०, १९६५ व १९६७ मध्ये आणि फिलिपीन्सची १९६४ मध्ये जिंकली. या मंडलात तयार झालेला तैवानचा लू लिआंग-ह्वान १९७१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये एका फटक्याने दुसरा आला, तेव्हा आशियाई गोल्फची दखल जगाला घ्यावी लागली.

भारतात रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ पासून अस्तित्वात आहे. ब्रिटिश बेटांबाहेरचा हा सर्वांत जुना गोल्फ क्लब. मात्र येथील स्पर्धा प्रामुख्याने हौशी खेळाडूंसाठी असत आणि व्यावसायिक म्हणजे क्लबचा शिक्षक किंवा काठ्यांची पिशवी वाहता वाहता खेळ शिकलेला मुलगा, अशी समजूत होती. देशाची खुली स्पर्धा भरवावी, असे टॉमसनने आग्रहाने सुचविले. भारतीय गोल्फ संघाने १९६४ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर ती प्रथम आयोजित केली आणि टॉमसन स्वतःच तिचा पहिला विजेता झाला. १९६५ मध्ये कलकत्त्याला झालेली दुसरी स्पर्धा पी. जी. ऊर्फ बिल्लू सेठी या भारतीय हौशी खेळाडूने सर्व व्यावसायिकांना मागे टाकून जिंकली. तशी कामगिरी दुसऱ्या कोणाही हौशी खेळाडूला साधलेली नाही. १९६६ मध्ये व नंतर दहा वर्षांनी, १९७६ मध्ये, टॉमसन पुन्हा विजयी ठरला. या तिसऱ्या विजयाच्या वेळी तो सेहेचाळीस वर्षांचा होता.

दिल्लीच्या क्षेत्राशी त्याचा संबंध खेळाडू म्हणून संपला नाही. मध्ययुगीन घुमट व थडगी यांच्या आसपास पसरलेल्या या क्षेत्राची पुनर्रचना त्याने १९७६-७७ मध्ये केली. दोन्ही बाजूंच्या दाट झुडपांत शिरलेला चेंडू तेथे बहुधा गेल्यातच जमा असतो. त्यामुळे बळापेक्षा अचूकतेला महत्त्व देणारे हे क्षेत्र टॉमसनच्या स्वतःच्या खेळाचेच प्रतिबिंब वाटते. बंगलोर येथील कर्नाटक गोल्फ संघाचे क्षेत्रही त्याच्या संस्थेने आखले. भारतीय खुल्या स्पर्धेत भारतीय व्यावसायिक प्रथम विजयी होण्यास १९९१ साल उजाडावे लागले. त्या वर्षीचा विजेता अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबवरच लहानपणी पिशव्या वाहत असे. टॉमसनने स्पर्धेचा आग्रह ज्या स्थानिक व्यावसायिकांसाठी धरला होता, त्यांच्यापैकीच तो एक होता.

उत्तरकाळ : ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेचे अध्यक्षपद टॉमसनने १९६२ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे तब्बल बत्तीस वर्षे भूषविले. मेलबर्नच्या द एज या दैनिकात त्याने अनेक वर्षे गोल्फविषयी लेखन केले. नामांकित खेळाडूंच्या नावाने छापले जाणारे मजकूर बहुधा दुसऱ्यांनीच लिहिलेले असतात; टॉमसनचे लेखन त्याचे स्वतःचे असे आणि ते रोखठोक, नेटके व क्वचित खवचटही असे. वाचन, संगीत व राजकारण यांत त्याला रस होता. १९८२ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या विधिमंडळासाठी लिबरल पक्षातर्फे प्रॅहरन मतदारसंघातून तो उभा राहिला व थोडक्या मतांनी पराभूत झाला.

या पराभवामुळे गोल्फचा फायदाच झाला. पन्नाशी उलटलेल्या खेळाडूंसाठी अमेरिकेत १९८० मध्ये ज्येष्ठांचा स्पर्धाक्रम सुरू झाला होता. टॉमसन त्यात उतरला. १९८५ या एकाच वर्षात त्याने नऊ स्पर्धा जिंकल्या व त्या वर्षीच्या कमाईत पहिला क्रमांक पटकाविला. हा नऊ विजयांचा विक्रम हेल अर्विनने १९९७ मध्ये गाठला, पण ओलांडला नाही. ज्या देशात त्याच्या पाच ओपन विजयांना पूर्ण मान मिळाला नव्हता, तेथेच वयाच्या पंचावन्नाव्या-छपन्नाव्या वर्षी, मऊ हिरवळींवर व मोठ्या चेंडूने त्याने हे यश मिळविले. त्यानंतर मात्र तो तेथे फार काळ रमला नाही. ज्येष्ठांच्या स्पर्धांतील त्याचा अखेरचा महत्त्वाचा विजय १९८८ मध्ये ब्रिटनमधील.

अमेरिका व यूरोपेतर जग यांच्यातील प्रेसिडेंट्स चषकाच्या सामन्यांत १९९६, १९९८ व २००० अशी तीन वेळा त्याने आंतरराष्ट्रीय संघाचे नेतृत्व केले. यांपैकी १९९८ चा सामना रॉयल मेलबर्न क्षेत्रावर झाला. निक्लॉसच्या नेतृत्वाखालील अमेरिकन संघाचा त्यात २०½–११½ असा पराभव झाला. २०२४ पर्यंतच्या सामन्यांत आंतरराष्ट्रीय संघाला मिळालेला हा एकमेव निर्णायक विजय होय.

गोल्फक्षेत्रांची रचना हा टॉमसनचा दुसरा व्यवसाय. प्रथम मायकेल वुल्व्हरिज व नंतर रॉस पेरेट यांच्या भागीदारीत त्याने ऑस्ट्रेलिया, आशिया व यूरोप येथे शंभराहून अधिक क्षेत्रांची नवी आखणी किंवा पुनर्रचना केली. सेंट अँड्रूजजवळील ड्यूक्स (१९९५) व व्हिक्टोरिया राज्यातील मूना लिंक्स ही त्यांतील प्रसिद्ध क्षेत्रे होत. मूना लिंक्सवर ऑस्ट्रेलियन खुली स्पर्धा २००३ व २००५ मध्ये भरली. जमिनीचा मूळ उंचसखलपणा शक्यतो मोडू नये, हिरवळीच्या पुढचा भाग मोकळा ठेवून चेंडू घरंगळत आत नेण्याची मुभा असावी आणि सामान्य सभासदालाही क्षेत्र खेळता यावे, ही त्याच्या रचनेची सूत्रे आहेत. यंत्रांनी डोंगर हलवून व कृत्रिम तळी खणून तयार केलेल्या क्षेत्रांविषयी त्याला आस्था नव्हती. अशा क्षेत्रांच्या देखभालीचा व पाण्याचा खर्च पाहता त्याच्या या मतात केवळ जुन्याचा हट्ट होता, असे म्हणता येत नाही.

ब्रिटिश साम्राज्याचे एम.बी.ई. (१९५७) व सी.बी.ई. (१९८०) हे किताब आणि ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया हा राष्ट्रीय सन्मान (२००१) त्याला मिळाले. जागतिक गोल्फ कीर्तिमंदिरात त्याचा समावेश १९८८ मध्ये झाला. त्याचा मुलगा अँड्रू टॉमसन हा ऑस्ट्रेलियाच्या संघराज्य मंत्रिमंडळात काही काळ क्रीडामंत्री होता. अखेरची चार वर्षे टॉमसन कंपवाताने आजारी होता व मेलबर्न येथेच त्याचे निधन झाले. त्याच्यानंतर ग्रेग नॉर्मन (१९८६, १९९३), इअन बेकर-फिंच (१९९१) व कॅमरन स्मिथ (२०२२) या ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी ब्रिटिश ओपन जिंकली. नेगलचा १९६० मधील विजय धरूनही या सर्वांची विजेतेपदे मिळून पाचच होतात.